भिंतीची ओल आणि गल्लीचा उतार

आमच्या घराच्या एका बाजूच्या भिंतीला ओल येते, हे घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायचं, पावसाळा सरला की पोपडे खरवडायचे, वरून रंग मारायचा. वडिलांनी एकदा खालचा सगळा गिलावा काढून तिथे घट्ट सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्याने ओल गेली नाही, वर सरकली. आधी घोट्याइतकी होती ती गुडघ्याच्या वर आली. घराची देखभाल माझ्याकडे आल्यावर मी एवढंच ठरवलं, की आधी कारण सापडू दे, मग थापीला हात लावू.

घर उपनगरात असतं तसंच आहे. तळमजला, वर एक मजला, चारही बाजूंना जेमतेम मोकळी जागा, पुढे गल्ली. शेजारची घरंही त्याच सुमाराला बांधलेली. ज्या भिंतीला ओल आहे तिच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये कंपाउंडची भिंत आणि दोन्ही बाजूंना एकेक अरुंद बोळ. तिकडे कुणी फिरकत नाही. जुनी शिडी, रिकाम्या कुंड्या, उरलेल्या फरश्या, सगळं तिथेच.

ओल म्हटली की पहिला येतो तो औषधवाला. आमच्याकडेही आला. त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं, त्याच्या दोन सुया भिंतीत टोचल्या, यंत्र किंचाळलं. ‘जमिनीतून चढतंय पाणी. भिंतीत ओळीने भोकं पाडून सिलिकॉनचं औषध भरू, विषय संपला.’ आता हे यंत्र मोजतं ते पाणी नव्हे. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते ते मोजतं. त्याच्या खुणा मुळात लाकडासाठी आखलेल्या असतात. भिंतीत क्षार असले तर ती बऱ्यापैकी कोरडी असली तरी यंत्र किंचाळणारच. आणि आमच्या भिंतीला लोणा तर असा लागला होता की बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला यायची. औषध खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. पण ते कशावर द्यायचं हे न बघता देणाऱ्याला मी नमस्कार केला.

मग एकेक शक्यता खोडायला सुरुवात केली. भिंतीत ओल चार वाटांनी येते: वरून गळते, आतली नळजोडणी पाझरते, हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते, किंवा जमिनीतून चढते. वरचा प्रश्न लगेच सुटला. गच्चीतून येणारी ओल वरून खाली ओघळते, तिचे डाग छताजवळ सुरू होतात. आमचा डाग जमिनीपासून वर जाणारा, आणि वरची कड जवळजवळ सरळ रेघेत. नळाचं बघायला रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला आणि कुणी उठायच्या आत पुन्हा पाहिला. आकडा तोच. वाफेसाठी भिंतीवर जेवणाचे डबे गुंडाळायच्या चंदेरी कागदाचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवला. दोन दिवसांनी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ती हवेतली वाफ. कागदाच्या मागे, भिंतीकडे जमलं असेल तर ओल भिंतीतून येतेय. आमचा कागद पुढून कोरडा, मागून घामेजलेला.

म्हणजे औषधवाल्याचं निदान बरोबर होतं. पाणी जमिनीतूनच चढत होतं. प्रश्न हा होता, की ते तिथे इतकं का साचतंय, आणि त्याला वर चढायला वाट कुणी दिली?

बारीक छिद्रांतून पाणी आपोआप चढतं, वातीतून तेल चढतं तसं. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी उंच चढतं, हा नियम जेम्स ज्युरिन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1718 च्या सुमाराला मांडला. दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी साधारण 15 सेंटीमीटर चढतं. नळी आणखी दहापट बारीक केली तर हिशेबाने दीड मीटर. विटेत आणि विटांच्या सांध्यांमधल्या मसाल्यात अशी बारीक छिद्रं असंख्य. प्रत्यक्षात भिंतीचं पाणी मीटरभराच्या आसपास थांबतं, कारण चढता चढता ते दोन्ही अंगांनी वाळत असतं. इथेच वडिलांच्या सिमेंटच्या गिलाव्याचा उलगडा झाला. वाळायची वाट बंद केली की पाणी आणखी वर जाऊन वाळतं, आणि सोबत आणलेले क्षार तिथे टाकतं. ते क्षार सुकताना फुगतात, पोपडा उडतो.

या चढत्या पाण्याला अडवायला घर बांधताना जोत्यावर ओल-रोधक थर घालतात. आमच्या घरातही तो घातलेला आहे. बाहेरच्या बाजूला एके ठिकाणी गिलावा फोडून पाहिलं तर काळपट डांबरी थर विटांच्या रांगेत स्वच्छ दिसला, कुठे तुटलेला नाही. नियम असा, की हा थर बाहेरच्या जमिनीपासून किमान 15 सेंटीमीटर उंच हवा. आमच्या बोळातल्या फरशीपासून तो उंच नव्हताच. फरशीच्या दोन बोटं खाली होता.

घर खचलं म्हणावं तर कुठे तडा नाही. मग जमीन वर आली असणार.

ही गोष्ट आमच्या पुढच्या पायऱ्या इतकी वर्षं सांगत होत्या. जोत्यावर चढायला तीन पायऱ्या आहेत. वरच्या दोन सारख्या उंचीच्या, बेताच्या. सगळ्यात खालची जेमतेम तीन बोटांची, पाय अडखळावा अशी. लहानपणी आम्ही तिला ‘खोटी पायरी’ म्हणायचो. ती खोटी नव्हती, तिचा खालचा भाग अंगणातल्या कोब्याखाली गेला होता. अंगण का चढवलं? कारण रस्त्यावरचं पाणी गेटमधून आत यायला लागलं. आणि रस्ता का चढला? दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर. एक थर दोन-तीन सेंटीमीटरपासून पाच सेंटीमीटरपर्यंत असतो, दिसायला काहीच नाही. पण जुना थर खरवडून न काढता चार-पाच वेळा तेच केलं तर रस्ता पायरीभर वर येतो.

मग गल्लीतली गेटं बघत निघालो. हा उद्योग कुणीही आपल्या गल्लीत करून पाहावा, फार बोलका आहे. जुन्या घरांच्या बहुतेक लोखंडी गेटांचा खालचा आडवा गज कापलेला. एकाचा तर दोनदा: पहिला काप जुना, रंगाखाली बुजलेला, दुसरा ताजा, गंजलेला. रस्ता वर आला, गेट घासायला लागलं, वेल्डर बोलावून खालून कापलं. काहींनी बाहेर उघडणारं गेट आत उघडणारं करून घेतलं. नवीन बांधलेली घरं मात्र रस्त्यापासून चांगली हातभर उंच जोत्यावर. त्यांना आपण उंच बसलोय याचं भान आहे की नाही ठाऊक नाही, पण त्यांचं पाणी कुठे जातं हे पावसात दिसतं.

त्यासाठी पाऊस कोसळत असताना छत्री घेऊन गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. घरचे म्हणाले वेड लागलंय. पण ओल शोधणाऱ्याने कोरड्या दिवशी हिंडून उपयोग नसतो. गटार रस्त्याच्या कडेला होतं, पण रस्ता मधे फुगीर आणि कडेची झाकणं रस्त्यापेक्षा उंच, त्यामुळे पाणी गटारात न पडता त्याच्या कडेकडेने पळत होतं आणि जिथे गेट खोलगट तिथे वळत होतं. आमच्या घरापाशी गल्ली किंचित बसकी आहे. कोपऱ्यावरच्या आजी गॅलरीतून बघत होत्या. त्यांनीच वरून विचारलं, ‘काय रे, पाणी मोजतोस काय?’ आणि मग सांगितलं, की प्लॉट पडायच्या आधी इथे शेतं होती आणि तुमच्या घरामागून ओघळ जायचा, पावसात गुडघाभर पाणी असायचं. ओघळ बुजवून त्यावर प्लॉट पडले. पाण्याला ते कुणी कळवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दिसली ती बोळात. शेजारच्यांच्या गच्चीचा पाइप कंपाउंडच्या भिंतीपाशी खाली येऊन तिथेच मोकळा सुटलेला. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्यांच्या गच्चीचा 40 चौरस मीटरचा उतार या बाजूला आहे असं धरलं, तर तासाभरात 30 मिलिमीटर पाऊस पडला की बाराशे लिटर पाणी एका कोपऱ्यात. आधी त्यांच्या बोळात माती होती, पपईची झाडं होती, बरंचसं पाणी मुरायचं. आता आमच्यासह लागून असलेल्या चारही घरांनी चिखल नको म्हणून कडेपर्यंत कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक घातलेत. पाऊस तेवढाच, मुरायला जागा नाही. कंपाउंडच्या भिंतीखालून ते पाणी आमच्या बाजूला झिरपत होतं, आणि आमच्या बोळाचा उतार घराकडे.

हे डोळ्यांचं मत झालं. ते पक्कं करायला गवंड्याला बोलावलं. वयाने मोठा माणूस, बोलायला कमी. त्याला पाणसळ धरायला सांगितली तेव्हा त्याने पिशवीतून लेसरचं यंत्र न काढता पारदर्शक नळीच काढली. नळीत पाणी भरलं, आतले बुडबुडे बोटाने टिचक्या मारून घालवले, एक टोक मी जोत्याशी धरलं, दुसरं घेऊन तो फिरला. नळीतल्या पाण्याला दोन्ही टोकांना एकच पातळी ठेवावी लागते, मग मध्ये कोपरे येवोत की भिंती. तो आकडा ओरडायचा, मी वहीत लिहायचो. बोळाचा उतार घराकडे, पाऊण इंच. आमचा कोबा गेटपाशी रस्त्यापेक्षा खाली. आणि सगळ्यात मागचा कोपरा, जिथे आमची, शेजारच्यांची आणि मागच्यांची कंपाउंडं भेटतात, तो सगळ्यात खोल. आजींचा ओघळ तिथूनच गेला असणार.

‘भिंत नका फोडू आधी,’ गवंडी म्हणाला. ‘भोवतालचं खाली घ्या.’

काम तसं साधं होतं. बोळातली फरशी काढायची, खालची भर उकरून जमीन ओल-रोधक थराच्या 15 सेंटीमीटर खाली न्यायची, उतार घरापासून दूर ठेवायचा. मातीच्या जमिनीला घराबाहेरच्या पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार ठेवावा असा संकेत आहे. पक्क्या फरशीला शंभराला दोन पुरतो. आमच्या तीन फुटांच्या बोळाला म्हणजे पाऊण इंच. गंमत म्हणजे उतार पाऊण इंचाचाच होता, फक्त उलटा. मग भिंतीपासून थोडं अंतर ठेवून चर खणायचा, त्यात जाड कापडी अस्तर, तळाशी भोकांचा पाइप, वर खडी. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकी वकिलाने 1859 मध्ये शेतातल्या निचऱ्याबद्दल लिहिताना या पद्धतीचा प्रसार केला, म्हणून तिला फ्रेंच ड्रेन म्हणतात. फ्रान्सशी संबंध नाही. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये, नाहीतर ओल जाईल आणि पाया उघडा पडेल.

खरी अडचण पुढे. चरात जमलेलं पाणी सोडायचं कुठे? रस्त्याचं गटार आमच्यापेक्षा वर. वाट नसलेला चर म्हणजे पाणी साठवायची सोयच. शोषखड्डा हाच उपाय, पण तो घराच्या भिंतीपासून पाचेक मीटर तरी लांब हवा, आणि आमच्या प्लॉटमध्ये कुठल्याच घरापासून तेवढी लांब जागा एकच: तो तिहेरी कोपरा. तिथेही निम्मी जागा शेजारच्यांची.

त्यामुळे वही घेऊन शेजारी गेलो. पाइपबद्दल तक्रार घेऊन गेलो असतो तर बोलणं तिथेच बिनसलं असतं, म्हणून आधी त्यांचीच भिंत दाखवा म्हटलं. काका हसले, सोफा पुढे ओढला. मागे आमच्यासारखाच पट्टा, फक्त त्यावर लाकडी पॅनल मारलेलं. काकू म्हणाल्या, ‘आम्हाला वाटायचं तुमच्या बाथरूमचं पाणी येतंय.’ आम्हाला त्यांच्या पाइपचं वाटत होतं. दोघांचंही थोडं थोडं खरं असावं. वहीतले आकडे त्यांच्यासमोर ठेवल्यावर काका आपल्या बोळात जाऊन स्वतः नळी धरायला तयार झाले, आणि त्यांचा उतारही घराकडेच निघाला. मागच्या घरातले दादा लगेच हो म्हणाले, त्यांना बागेला पाणी हवं होतं. चौथं घर उंच जोत्यावरचं. त्यांना काहीच त्रास नाही, त्यांना आमचं म्हणणं ऐकूनही घ्यायचं नव्हतं. त्यांचा पाइप अजूनही रस्त्यावर मोकळा सुटतो.

खड्डा घ्यायच्या आधी जमीन पाणी पिते का ते बघितलं. छोटा खड्डा घेऊन पाणी भरायचं, ते तीन-चतुर्थांशावरून एक-चतुर्थांशावर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एकदा करून भागत नाही, कोरडी माती पहिल्यांदा हावरटासारखी पिते. लागोपाठ तीनदा करून सगळ्यात संथ आकडा धरायचा असतो. वरची भर टाकलेली माती चिकट निघाली, पाणी हलेना. गवंड्याने आणखी खाली खणायला लावलं आणि तिथे वाळूमिश्रित जुना थर लागला, ओघळाचाच. तिथे पाणी बघता बघता खाली गेलं.

चर आणि खड्डा झाले, शेजारच्यांचा पाइप त्यात वळवला, आमचाही वळवला. कामाचं वर्णन करण्यासारखं त्यात फारसं काही नाही. धूळ, आवाज, आणि खणताना सापडलेल्या दोन जुन्या बाटल्या.

भिंतीचं मात्र सांगायला हवं. आतला सिमेंटचा गिलावा डागाच्या वर फूटभर उंचीपर्यंत काढला. उघड्या विटांवर पांढरे क्षार फुललेले. घरातल्यांनी पाण्याचा पाइप आणला तर गवंड्याने हातातून काढून घेतला. लोणा धुवायचा नसतो. धुतला की क्षार विरघळून परत विटेत जातात. कोरड्या ब्रशने झाडायचा, पूड गोळा करून बाहेर टाकायची, पुन्हा फुलला की पुन्हा झाडायचा. भिंतीवर पेन्सिलने ओलीची कड आखून शेजारी तारीख घातली. भिंत वाळायचा ढोबळ हिशेब इंचाला एक महिना असा सांगतात, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ महिने, तेही पाणी खरोखर थांबलं असेल तर. तोवर खोलीत उघड्या विटा. पाहुणे विचारायचे, ‘काही पाडताय का?’

पुढच्या पावसाळ्यात रेघ वर सरकली नाही. एका कोपऱ्यात, शिडी ठेवायचो तिथे, थोडी दमट राहिली. तिथे जुन्या गिलाव्याचा एक तुकडा बाहेरून तसाच राहून ओल-रोधक थरावरून पाणी वर नेत होता. तो उडवला. त्यानंतर चुन्याचा गिलावा केला. सिमेंटपेक्षा मऊ असतो, खिळा ठोकला तर भुगा पडतो, वाळायला वेळ घेतो, पण भिंतीत उरलंसुरलं पाणी असेल त्याला बाहेर पडू देतो.

रस्त्याचं प्रकरण बाकी आहे. गल्लीतल्या जुन्या घरांनी मिळून अर्ज दिलाय, की पुढच्या वेळी नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा आणि गटाराची झाकणं रस्त्याच्या खाली घ्यावीत. अर्जाला पायऱ्यांचे आणि कापलेल्या गेटांचे फोटो जोडलेत. पोच मिळाली, उत्तर नाही.

भिंतीला रंगही अजून दिलेला नाही. ऑइलपेंट किंवा प्लास्टिकचा रंग दिलात तर सगळं मुसळ केरात, असं गवंडी बजावून गेलाय. चुन्याचाच हात द्यायचा. धाकटीला त्या खोलीत हिरवा रंग हवा आहे. चुन्यात टिकणारे मातीचे रंग मिळतात, त्यातली हिरवी छटा तिला दाखवली, तिला ती आजारी वाटली. सध्या भिंत पांढरी आहे आणि कपाट तिला टेकवायचं नाही यावर तरी एकमत आहे.